क्लोरीन आहे, तरी पूलचं पाणी हिरवं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरचा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १.२ आणि दुसऱ्या टोकाला १.८ मीटर खोल. आत सिमेंटचं प्लास्टर, बाहेर सँड फिल्टर. गेलं दीड वर्ष तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकून काम चाललं होतं. आता महिन्याभरात पाणी तीनदा हिरवं झालं. दोनदा शॉक दिला (एकदम भरपूर क्लोरीन टाकलं), शेवाळनाशकाच्या दोन बाटल्या संपल्या, दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. पट्टी बुडवून पाहिली तर क्लोरीन २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, दाखवते. विचारायच्या गोष्टी तीन: क्लोरीन असताना शेवाळ येतंच कसं, कोणतं शेवाळनाशक चांगलं, आणि मुलांना पाण्यात कधी सोडायचं.

पूलच्या देखभालीचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि हिरव्या पाण्याच्या तक्रारींत ही तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा भेटते. माणूस निष्काळजी नसतो. उलट रोज काही ना काही टाकत असतो. अडचण त्या गोळ्यांमध्येच दडलेली असते, म्हणून सुरुवात तिथून करतो.

गोळ्यांच्या डब्यावर बारीक अक्षरात ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड असं लांबलचक नाव असतं. बोलताना आपण टीसीसीए म्हणतो. या नावाच्या शेपटीकडे लक्ष द्या: सायन्युरिक ॲसिड. गोळी विरघळली की क्लोरीन सुटतं आणि आपलं काम करून संपतं. सोबत आलेलं सायन्युरिक ॲसिड मात्र संपत नाही. ते उडून जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, उन्हानंही जात नाही. २०० ग्रॅमची एक गोळी साधारण १८० ग्रॅम क्लोरीनचं काम देते आणि मागे ११० ग्रॅमच्या आसपास सायन्युरिक ॲसिड ठेवून जाते. तुमच्या पूलची सरासरी खोली १.५ मीटर धरली तर ८ गुणिले ४ गुणिले १.५ म्हणजे ४८ घनमीटर, म्हणजेच ४८,००० लिटर पाणी. एवढ्या पाण्यात एका गोळीमागे हे ॲसिड २.३ पीपीएमनं वाढतं. आठवड्याला तीन गोळ्या जात असतील तर २० आठवड्यांत ते १४०च्या घरात पोचतं. तुम्ही दीड वर्ष टाकताय. बॅकवॉश (उलट्या प्रवाहानं फिल्टर धुणं), उडालेलं पाणी, पावसात वाहून गेलेलं पाणी यांतून थोडं कमी झालं असेल, तरी मोजल्यावर आकडा १००च्या वरच निघेल असा माझा अंदाज आहे.

हे ॲसिड वाईट आहे असं मुळीच नाही. उघड्या पूलला ते लागतंच. त्याच्याशिवाय कडक उन्हात निम्मं क्लोरीन तासाभराच्या आत उडून जातं. म्हणून त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि लागेल तसं थोडं थोडं सोडतं. पण ते जितकं जास्त, तितकं क्लोरीन बांधलेलं आणि प्रत्यक्ष मारा करणारं क्लोरीन तितकं कमी. कोठीत धान्य भरपूर आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, अशी गत होते. तुमची पट्टी कोठीतलं सगळं धान्य मोजते, म्हणून २ दाखवते. शेवाळाला त्याची झळच लागत नाही.

त्यामुळे क्लोरीन किती हवं याचं उत्तर सगळ्या पूलना एकच नसतं. मी जो हिशोब पाळतो तो सरळ आहे. रोजचं मुक्त क्लोरीन, म्हणजे घाणीशी जोडलं न गेलेलं, स्टॅबिलायझरच्या निदान साडेसात टक्के, आणि शेवाळ मारताना चाळीस टक्के. स्टॅबिलायझर ४० असेल तर रोज किमान ३ आणि शेवाळ मारताना १६ पीपीएम. तोच १२० असेल तर रोज ९ आणि शेवाळ मारताना ४८. आता १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन घेतलं, तर १०,००० लिटरला १ पीपीएम वाढवायला १०० मिलिलिटर लागतं. म्हणजे तुमच्या पूलला प्रत्येक पीपीएममागे ४८० मिलिलिटर. १६ पीपीएमसाठी पावणेआठ लिटर होतात, ४८ पीपीएमसाठी २३ लिटर. आणि हा झाला फक्त पहिला डोस. शेवाळ मरेपर्यंत तो आकडा टिकवायचा असतो. तुम्ही दोनदा शॉक दिला तो या गणितात अपुराच पडला असणार. आणि शॉक म्हणून दिलेली पावडर डायक्लोरची असेल, तर तिनं स्टॅबिलायझर आणखी वाढवलाय. पुडीवर सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट लिहिलंय का ते बघा.

म्हणून सध्या काहीही ओतू नका. आधी मोजा.

पट्ट्या बाजूला ठेवा. शेवाळ काढायच्या कामात त्यांचा अंदाज फार ढोबळ पडतो. थेंबांचं टेस्ट किट घ्या, ज्यात पावडर टाकल्यावर नमुना गुलाबी होतो आणि थेंब टाकत टाकत तो रंग घालवायचा असतो. या चाचणीला एफएएस-डीपीडी म्हणतात. १० मिलिलिटर नमुन्यात दर थेंबाला अर्धा पीपीएम धरायचा. ३२ थेंबांनी रंग गेला तर १६ पीपीएम. रंग जुळवायच्या साध्या डीपीडी किटमध्ये एक फसगत आहे, ती लक्षात ठेवा. क्लोरीन फार जास्त असेल तर ते गुलाबी रंगालाच मारून टाकतं. थेंब पडताक्षणी गुलाबी चमक दिसते, नळी हलवली की पाणी पारदर्शक. माणूस समजतो क्लोरीन शून्य आहे आणि आणखी ओततो. ती क्षणभराची चमक दिसली की समजा क्लोरीन शून्य नाही, फार चढलंय.

स्टॅबिलायझरची चाचणी तर घाईत करूच नये. नमुना आणि द्रावण सारख्या प्रमाणात मिसळलं की ते दुधासारखं गढूळ होतं. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतायचं. बाहेर उजेडात उभं राहा, सूर्य पाठीकडे, नळी कमरेच्या उंचीवर आणि स्वतःच्या सावलीत. वरून बघत ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. डोळे ताणून ठिपका शोधत बसलात तर आकडा चुकतो. नजर टाकली आणि दिसला नाही, की झालं. मी दर वेळी तेच मिश्रण परत बाटलीत ओतून दुसऱ्यांदा वाचतो. आकडा १०० किंवा त्याहून वर येत असेल तर पूलचं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घेऊन चाचणी परत करा आणि उत्तराची दुप्पट करा, कारण १००च्या वर त्या नळीवर भरवसा ठेवता येत नाही.

समजा १२० निघाला. तो उतरवायचा खात्रीचा रस्ता म्हणजे पाणी बदलणं. ४० वर आणायला दोन तृतीयांश पाणी नवं लागेल. एकदम उपसू नका. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर रिकाम्या पूलला खालून दाब येतो आणि अख्खा हौद उचलला जाऊ शकतो, नाहीतर तळ फुटतो. आतून व्हिनाइलचं अस्तर असेल तर ते आकसतं आणि परत बसत नाही. एक तृतीयांश काढा, भरा, पंप चालवून मिसळू द्या, मग पुन्हा एक तृतीयांश. १२०चे ८०, ८०चे ५३, ५३चे ३६ असं ते उतरतं. यात पाणी एकूण थोडं जास्त जातं, पण पूल शाबूत राहतो. क्लोरीन शून्यावर आल्याशिवाय उपसलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीकडे सोडू नका.

पाणी बदलून झालं की क्लोरीनच्या आधी पीएच. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण क्लोरीन १०च्या वर गेलं की पीएचची लाल रंगाची चाचणी जांभळट दिसून चुकीचा, जास्तीचा आकडा देते. त्या आकड्यावर विसंबून ॲसिड ओतलं तर पाणी आंबट होऊन बसतं. म्हणून आधी पीएच ७.२ वर आणायचा आणि मग शेवाळ मरेपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही.

पीएचचं एवढं कौतुक कशाला, तर पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं. एक हायपोक्लोरस ॲसिड, जे जंतू आणि शेवाळ मारतं. दुसरं हायपोक्लोराइट, जे त्या मानानं फार मंद. पीएच ७.५ला दोन्ही निम्मी-निम्मी. ७.२ला जोरकस रूप दोन तृतीयांश, आणि ८ला जेमतेम पाव. स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात हा फरक बराच सौम्य होतो, तरी दिशा तीच राहते. त्याशिवाय ७.२च्या खाली पाणी डोळ्यांना झोंबतं, प्लास्टर आणि धातू खातं, ७.८च्या वर ते पांढरे क्षार सोडायला लागतं.

गोळ्यांवर चाललेल्या पूलमध्ये पीएच बहुधा खालीच सापडतो, कारण टीसीसीए स्वतः आम्ल आहे. त्यानं अल्कलिनिटीही खाल्लेली असते. अल्कलिनिटी म्हणजे पीएचला जागेवर धरून ठेवणारी पाण्याची ताकद. ती ८० ते १२० पीपीएममध्ये असावी. ती फार कमी असली की पीएच थोड्याशा ॲसिडनं खाली कोसळतो आणि थोड्या सोड्यानं वर उडतो. वाढवायला खाण्याचा सोडा वापरा. १०,००० लिटरला १० पीपीएम वाढवायला १७० ग्रॅम, म्हणजे तुमच्या पूलला साधारण ८०० ग्रॅम. फक्त पीएच वाढवायचा असेल तर धुण्याचा सोडा. तो पीएच जोरात वर नेतो, म्हणून बेतानं घालायचा. पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड. तुमच्या आकाराच्या पूलमध्ये ३०० मिलिलिटर पंप चालू ठेवून परतीच्या नळासमोर हळूहळू सोडा, तासाभरानं मोजा, लागलं तर पुन्हा. डोस एकदम देऊन पीएच फार खाली गेला, की सोडा, मग परत ॲसिड, अशी ओढाताण सुरू होते.

अल्कलिनिटी उलट फार जास्त असेल तर पीएच सारखा वर चढत राहतो. सोडा वॉटरची बाटली उघडल्यावर जसा वायू निघून जातो, तसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पीएच वाढतो. कारंजी, धबधबे असलेल्या पूलमध्ये हे जास्त होतं. तिथे ॲसिडनं पीएच ७.२ला आणायचा, पाणी खळाळतं ठेवून तो आपोआप वर येऊ द्यायचा आणि परत उतरवायचा. दर फेरीत अल्कलिनिटी थोडी कमी होते.

आता खरं काम. संध्याकाळी, ऊन गेल्यावर सुरू करा. लिक्विड क्लोरीन घ्या, कारण त्यातून स्टॅबिलायझर वाढत नाही. ते पाण्याचा पीएच फार चढवतं असं बरेच जण म्हणतात. टाकल्याबरोबर चढवतं हे खरं, पण ते काम करून संपलं की पीएच जवळजवळ जागेवर येतो. कॅनवरची तारीख बघा. उन्हात पडून राहिलेलं लिक्विड क्लोरीन काही आठवड्यांत बरीच ताकद घालवून बसतं. अंदाज घ्यायला सोपं आहे: हिशोबानं ओतल्यावर अर्ध्या तासानं मोजा. आकडा बराच कमी भरला तर एक तर कॅन जुना आहे किंवा शेवाळ ते तेवढ्या वेळात खातंय. पुढच्या एकदोन डोसांत कोणतं ते कळतं. दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट (कॅल्शियम हायपो) हेही चालतं, पण त्याच्या दर १० पीपीएम क्लोरीनमागे पाण्यातलं कॅल्शियम साधारण ७ पीपीएमनं वाढतं, हे ध्यानात ठेवून.

स्टॅबिलायझर ४०च्या आसपास आला असं धरून क्लोरीन १६ वर न्या आणि तिथेच ठेवा. आठवड्यातून एक दणका देऊन हे काम होत नाही. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी मोजून जेवढं घटलं तेवढं पुन्हा घाला. सुरुवातीला आकडा भराभर खाली येईल, १६चे ६ होतील, घाबरू नका. जे गेलं ते शेवाळ मारण्यात गेलं. मधे थांबलात तर उरलेलं शेवाळ दोन दिवसांत पुन्हा उभं राहतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी-पांढरट, धुरकट होतं. बरेच जण इथेच काम झालं समजून थांबतात आणि आठवड्यानं परत पहिल्यापासून सुरू करतात. पांढरट पाणी म्हणजे शेवाळ मेलंय, पण अजून पाण्यात लटकतंय.

रोज ब्रश मारायचा. सगळीकडे, अगदी जिथे स्वच्छ दिसतंय तिथेही. शेवाळावर बुळबुळीत थर असतो आणि त्याखाली क्लोरीन पोचत नाही. पाण्यातला दिवा खोबणीतून बाहेर काढून मागे बघा, पण आधी त्याची वीज मुख्य स्विचवरून बंद करा. शिडीच्या पोकळ नळ्या, स्किमरचा (पृष्ठभागावरचं पाणी आत ओढणाऱ्या भिंतीतल्या खिडकीचा) घसा, स्किमरच्या झाकणाची आतली बाजू. एका पूलमध्ये मी सहा दिवस क्लोरीन धरून ठेवलं होतं आणि रोज रात्री ३-४ पीपीएम गायब होत होतं. शेवटी शिडी उपसून उलटी धरली, तर नळीतून बोटाएवढ्या जाडीचा हिरवा चिखल घसरत बाहेर आला. तेव्हापासून शिडी पहिल्याच दिवशी बाहेर काढतो.

पंप चोवीस तास चालू. पाणी एकदा फिरलं म्हणजे सगळं गाळलं गेलं असं होत नाही. गाळलेलं पाणी न गाळलेल्यातच जाऊन मिसळतं, त्यामुळे एका फेऱ्याइतक्या वेळात सुमारे ३७ टक्के पाणी फिल्टर न बघताच राहतं. तीन फेऱ्यांनंतर ते ५ टक्क्यांवर येतं. तासाला ८ घनमीटरचा पंप असेल तर तुमचा एक फेरा सहा तासांचा. म्हणून रात्री पंप बंद करून वीज वाचवू नका, या चार-सहा दिवसांत तरी नाही.

सँड फिल्टरच्या काट्यावर स्वच्छ असतानाचा दाब लिहून ठेवा. त्याच्यावर ८ ते १० पीएसआय चढला की बॅकवॉश करा, काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, आणि नंतर अर्धा मिनिट रिन्स. रिन्स न करता लगेच फिल्टरवर टाकलं की उचकटलेली घाण परत पूलमध्ये येते. दाब चढलेला नसताना उगाच बॅकवॉश करू नका, थोडा मळलेला सँड फिल्टर जास्त बारीक गाळतो. आणि परतीच्या नळाखाली तळाशी वाळूचा छोटा ढीग दिसत असेल तर फिल्टरच्या आतली दातेरी नळी तुटली आहे. ती बदलल्याशिवाय कोणतंही रसायन पाणी नितळ करणार नाही.

गढूळपणा लवकर बसवायचा असेल तर तुरटी हा जुना आणि चांगला उपाय आहे. फिल्टरवरचा मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह रिसर्क्युलेटवर, म्हणजे पाणी फिल्टर वगळून फिरेल असा, ठेवून तुरटीचं पाणी सगळीकडे पसरवा, दोन तासांनी पंप बंद करा, रात्रभर हात लावू नका. सकाळी तळाशी साका बसतो. तो फिल्टरमधून नाही, व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवून व्हॅक्यूमनं सरळ बाहेर काढायचा, अगदी सावकाश, साका उडू न देता. तुरटी अल्कलिनिटी खाते, म्हणून नंतर मोजा. कार्ट्रिज फिल्टरवाल्यांनी तुरटीच्या वाटेला जाऊ नये, कागद कायमचा चोंदतो.

काम संपलं कधी म्हणायचं? तीन गोष्टी एकत्र जमल्या पाहिजेत. पाणी नितळ. जोडलेलं क्लोरीन, म्हणजे घाणीशी बांधलं जाऊन निकामी झालेलं, अर्धा पीपीएम किंवा कमी. पूलला येणारा तो उग्र वास याचाच असतो. स्वच्छ पाण्यातल्या क्लोरीनला एवढा वास येत नाही. आणि तिसरी रात्रीची परीक्षा: अंधार पडल्यावर मुक्त क्लोरीन मोजा, सकाळी पाण्यावर ऊन पडायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त गेलं नसेल तर पाण्यात खाणारं काही उरलं नाही. ऊन नसताना क्लोरीन कमी झालं तर त्याला काहीतरी खातंच आहे, मग पाणी कितीही सुंदर दिसो.

आता दुसरा प्रश्न, शेवाळनाशक कोणतं. या घडीला कोणतंही नको. उभं शेवाळ क्लोरीननंच मारायचं. बाटल्यांमधली बरीच द्रावणं चढ्या क्लोरीनमध्ये स्वतःच मोडून पडतात. स्वस्त क्वॉट (क्वाटर्नरी अमोनियम) प्रकारची द्रावणं फेस करतात. तांब्याची असतील तर त्यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका हिरव्या पूलमध्ये मोरचूद टाकलं. शेवाळ गेलं, मालक खूष झाले. पुढच्या वेळी क्लोरीन चढवलं तेव्हा पायऱ्यांच्या कडांवर निळसर-काळे डाग उमटले आणि ते प्लास्टरमध्ये मुरले. तांबंही पाण्यातून उडून जात नाही, दर डोसाला साचत जातं. फिकट केसांना येणारी हिरवी झाक ही क्लोरीनची म्हणून बदनाम आहे, ती तांब्याची असते. तेव्हापासून मोरचूद मी पुन्हा वापरलेलं नाही.

इथे एक शंका तुमच्या बाबतीतही घेऊन ठेवतो. क्लोरीन चढवल्यावर पाणी पारदर्शक राहूनही हिरवट दिसलं, तर ते शेवाळ नव्हे, तांबं. बाटल्यांमधून आलेलं असेल, किंवा गोळ्यांच्या आंबट पाण्यानं हीटरच्या आतली तांब्याची नळी खाल्ली असेल. चहासारखं तांबूस झालं तर लोह, बहुतेकदा बोअरच्या पाण्यातलं. तिथे आणखी क्लोरीन टाकून उपयोग नाही, डाग मात्र पडतील.

सावलीच्या भिंतीवर पिवळी धूळ बसते, ब्रश मारला की उडते आणि दुसऱ्या दिवशी तिथेच बसते, ते पिवळं शेवाळ. त्याला क्लोरीन नेहमीच्या शॉकपेक्षाही वर एक दिवस ठेवावं लागतं, आणि ब्रश, खेळणी, व्हॅक्यूमची नळीही त्याच पाण्यात बुडवून घ्यावी लागते. काळे ठिपके असतील तर प्लास्टरवर स्टीलच्या ब्रशनं त्यांचं टोपण खरवडा, नाहीतर आत काही पोचत नाही.

हाताळणीबद्दल जे सांगतो ते कृपया वरवर वाचू नका. क्लोरीन आणि ॲसिड यांची भेट होता कामा नये. एकाच मगानं दोन्ही मोजलं तरी विषारी क्लोरीन वायू निघतो. टीसीसीएच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपो एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो. गोळ्यांच्या डब्यात किंवा फीडरमध्ये दुसरी पावडर कधीच टाकू नका, आधी रिकामा करून धुतलेला असला तरीही. नेहमी पाण्यात रसायन घालायचं, रसायनात पाणी नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच. दोन्ही रसायनं शेजारी ठेवू नका, आणि ॲसिडचा कॅन खालच्या फळीवर, मुलांच्या हाताबाहेर कुलपात.

पाणी सुधारल्यावर रोजचं काम फार नाही. स्टॅबिलायझर ३० ते ५०. तो ४० धरला तर मुक्त क्लोरीन ४ ते ५ ठेवा, म्हणजे एखादा दिवस चुकला तरी ३च्या खाली जाणार नाही. कडक उन्हात दिवसाला २ ते ४ पीपीएम जातंच, ते संध्याकाळी भरून काढा. पीएच ७.४ ते ७.६ आणि कॅल्शियमची कठीणता प्लास्टरच्या पूलला २०० ते ४०० पीपीएम. ती फार कमी असली की पाणी आपली भूक प्लास्टरमधून भागवतं आणि तळ खरखरीत होतो. नळाच्या पाण्याच्या वाहिन्यांसाठी विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये एक निर्देशांक मांडला. पीएच, तापमान, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकत्र घेऊन पाणी क्षार सोडणार की खाणार ते त्यातून कळतं. पूलला तोच लागू पडतो. उत्तर उणे ०.३ ते अधिक ०.३ मध्ये असलं की निश्चिंत राहा. गोळ्या फेकून द्यायची गरज नाही. आठवडाभर बाहेरगावी जाताना डब्यात टाका, आल्यावर काढून घ्या, आणि दोन महिन्यांतून एकदा स्टॅबिलायझर मोजा.

तिसरा प्रश्न मुलांचा. पाणी हिरवं किंवा धुरकट आहे तोवर कुणालाच उतरवू नका, पोहता येणाऱ्यालाही नाही. जंतूंचा धोका आहेच, पण त्याहून मोठा धोका म्हणजे तळाशी गेलेलं मूल वरून दिसत नाही. मी स्वतः बघतो ते असं: खोल टोकाला काठावर उभं राहायचं आणि तळाच्या जाळीकडे बघायचं. जाळी दिसली एवढ्यावर समाधान मानायचं नाही, तिचे स्क्रू वेगवेगळे दिसले पाहिजेत. ते दिसले, रात्रीची परीक्षा पास झाली आणि क्लोरीन १६ वरून उतरून ५च्या आसपास आलं, की मग पीएच पुन्हा एकदा मोजा. तो ७.२ ते ७.८ मध्ये असेल तर त्या संध्याकाळी मुलांना पाण्यात सोडायला हरकत नाही.